पर्यटनाच्या कामापुरते इंग्रजी : कोकण किनाऱ्यावर ते कोणी, केव्हा आणि कसे शिकावे?

खाडीकाठ (देवबाग, ता. मालवण)

नमस्कार मंडळी. न्याहारी-निवास चालवणारी घरे, होडीवाले, किल्ल्यावर माहिती सांगणारी मुले आणि खानावळ सांभाळणाऱ्या बायका, या सगळ्यांच्या बोलण्यात गेल्या काही हंगामांपासून एकच अडचण सारखी येते आहे. पाहुण्याशी इंग्रजीत बोलायची वेळ येते आणि एरवी बोलका असलेला माणूस तिथे गप्प होतो. यंदाच्या पावसाळ्यात गावातल्या गावातच एक वर्ग चालवावा, असे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. जागा आहे, शिकणारे आहेत, शिकवायलाही एक-दोघे तयार आहेत. मात्र नेमके काय शिकवायचे याबद्दल आमच्यातच एकमत होत नाही, म्हणून हा धागा काढला आहे.

पहिली गोष्ट अशी की पाहुणा बदलला आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्या काळात येणारा पाहुणा बहुतांशी मुंबई, पुणे, कोल्हापूरकडचा असे आणि मराठीत सगळे भागत असे. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, जानेवारी २०२३ पासून गोव्याच्या हद्दीत मोप्याला विमाने उतरू लागली, आणि बेंगळुरू, हैदराबादकडची कुटुंबे सकाळी घरून निघून दुपारच्या जेवणाला आपल्या पडवीत बसू लागली. यांतल्या पुष्कळांना मराठी येत नाही आणि हिंदीही बेताचीच येते. त्यातच जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार आपल्या किनाऱ्यावरचे आहेत. इंग्रजी लागते ते परदेशी पाहुण्यासाठी, हा समज म्हणूनच मला अपुरा वाटतो. आपल्याला ते जास्त करून आपल्याच देशातल्या माणसाशी बोलावे लागते, आणि तो माणूसही इंग्रजी आपल्यासारखेच शाळेत शिकलेला असतो.

दुसरी गोष्ट वर्गांची. तालुक्याच्या गावी जे संभाषण वर्ग चालतात, त्यांत पहिला महिना क्रियापदांचे काळ पाठ करण्यात जातो. न्याहारी-निवास चालवणारी बाई तिथे जाते, ‘आय हॅड बीन गोइंग’ वहीत उतरवून घेते, आणि घरी आल्यावर पाहुण्याने गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळेल असे विचारले की पुन्हा गप्प होते. माझे मत असे आहे की प्रत्येकाने आपल्या कामात दिवसभर मराठीतून जे बोलणे होते, तेच आधी लिहून काढावे आणि तेवढेच इंग्रजीत पक्के करावे. शिवाय बोलण्याच्या आधी ऐकण्याचा सराव व्हावा, कारण पाठ केलेले वाक्य कोणालाही म्हणता येते, अडते ते पाहुण्याचे उत्तर समजण्यात. यावर आपली मते हवी आहेत. विरोधी मतेही मोकळेपणाने मांडावीत.

खडूफळा (रत्नागिरी)

खाडीकाठ, आपल्या विचाराशी मी सहमत आहे. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या राज्यात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधीची पिढी पाचवीपासून शिकली. म्हणजे आपल्या वर्गात येणारा तरुण दहा वर्षे इंग्रजी शिकलेला असतो आणि पन्नाशीच्या बाईंनीही दहावीपर्यंत ते वाचलेले असते. शब्दांचा साठा त्यांच्याजवळ आहे. तो वापरण्याची सवय कानाला आणि जिभेला नाही, एवढेच. अशा माणसाला पुन्हा मुळाक्षरांपासून शिकवणे हा त्याच्या वेळेचा अपव्यय आहे.

पर्यटनाच्या कामात मराठी माणसाची गाडी हमखास कुठे अडते, ते मात्र शिकवणाऱ्याला ठाऊक असायला हवे. आपले आर्जव क्रियापदात असते. ‘या’, ‘बसा’, ‘जेवून घ्या’ असे म्हटले की त्यात आदर आपोआप आला, वेगळा शब्द लागत नाही. तेच ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ असे इंग्रजीत गेले की ऐकणाऱ्याला हुकूम वाटतो आणि मायेने बोलणारी बाई त्याला तुसडी वाटते. म्हणून ‘प्लीज कम इन’, ‘प्लीज हॅव अ सीट’, ‘वुड यू लाइक सम टी?’ ही वाक्ये अखंड पाठ करून घ्यावीत. त्यांचे व्याकरण समजावण्याच्या मागे लागू नये.

नकारार्थी प्रश्नाचे उत्तर हा याहून मोठा खड्डा आहे. पाहुणा विचारतो, ‘यू डोन्ट हॅव अ जनरेटर?’ आपण मराठीच्या सवयीने ‘येस’ म्हणतो, म्हणजे ‘हो, नाही’. पाहुण्याचा समज असा होतो की जनरेटर आहे. संध्याकाळी वीज गेली की आपण खोटे बोललो असा त्याचा ग्रह होतो आणि आपल्याला आपले काय चुकले तेच कळत नाही. यावर उपाय सोपा आहे : नुसते ‘येस’ किंवा ‘नो’ कधीच म्हणू नये, पुढे अर्धे वाक्य जोडावे. ‘नो, वी डोन्ट हॅव वन.’ मग गोंधळाला जागाच उरत नाही.

आकड्यांचेही तसेच आहे. आपण ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच आणि मग वीस उच्चारतो, इंग्रजीत वीस आधी येतात. जुन्या माणसांकडून घाईत पंचवीसचे बावन्न होतात. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ तर फोनवर इंग्रजी चांगले येणाऱ्यालाही नीट ऐकू येत नाहीत. भाव किंवा वेळ सांगताना आकडे पुन्हा सुटे करून सांगावेत, ‘फिफ्टीन, वन फाइव्ह’. पावणेचार, सव्वासहा यांच्यासाठी ‘क्वार्टर टू’, ‘क्वार्टर पास्ट’ यांत न शिरता ‘थ्री फॉर्टी-फाइव्ह’, ‘सिक्स फिफ्टीन’ असे सरळ घड्याळ वाचावे.

उच्चारांत एक बाब संकोच न करता पहिल्याच दिवशी सांगावी. ‘बीच’ आणि ‘शीट’ या दोन शब्दांतला ई दीर्घच उच्चारला पाहिजे. तो ऱ्हस्व झाला तर शब्द अर्वाच्य होतो, आणि हे दोन शब्द आपल्या धंद्यात दिवसातून कितीदा तरी येतात.

सुकाणू (मालवण)

सरांचे सगळे पटले, पण आर्जवाच्या मुद्द्याला एक अपवाद जोडायला हवा. होडीत चढताना आणि उतरताना ‘वुड यू लाइक टू’ म्हणत बसायला वेळ नसतो. जेट्टीपाशी लाट येते, होडी वर-खाली होते, आणि पाहुणा मोबाइल हातात धरून एक पाय काठावर आणि एक पाय होडीत अशा अवस्थेत असतो. तिथे ‘वेट’, ‘नाउ’, ‘होल्ड माय हँड’, ‘सिट डाउन’ एवढेच म्हणावे आणि ते मोठ्याने म्हणावे. आर्जव होडी सुटण्यापूर्वी करावे, हुकूम होडीत करावा. वर्गात हे दोन्ही वेगवेगळे शिकवले नाहीत तर पोरे भलत्या वेळी ‘प्लीज’ शोधत राहतील.

समुद्राचे इंग्रजी प्रत्येक होडीवाल्याला आलेच पाहिजे, या मताचा मी आहे. भरती, ओहोटी, करंट, खडक, खोल, उथळ, वारा वाढतो आहे, आज होडी जाणार नाही. शेवटचे वाक्य सगळ्यांत अवघड, कारण ते ऐकून पाहुणा चिडतो आणि वाद घालतो. मालवणीत ‘आज होडी जावची नाय’ म्हटले की आपला माणूस समजतो. परगावच्या माणसाला कारण द्यावे लागते. ‘द सी इज रफ टुडे. इट इज नॉट सेफ. वी विल गिव्ह युअर मनी बॅक.’ ही तीन छोटी वाक्ये शांतपणे म्हणता आली की वाद पुष्कळदा तिथेच मिटतो. तिसरे वाक्य विसरू नये.

आणि खाडीकाठ म्हणतात तसे ऐकणे महत्त्वाचे. होडीतला म्हातारा माणूस छातीवर हात ठेवून इंग्रजीत काही सांगत असेल, तर ते दम लागण्याबद्दल आहे, मळमळीबद्दल आहे की छातीत दुखण्याबद्दल, हे होडीवाल्याला कळले पाहिजे.

बुडी (तारकर्ली)

सुकाणूदादांच्या मुद्द्याला धरूनच लिहितो. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे आणि आमच्या भागातली बरीच मुले पाण्याखालच्या कामात उतरली आहेत. मुले पाण्यात तरबेज आहेत. अडचण येते ती पाण्यात उतरण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत.

पाहुण्याकडून आरोग्याचा जो फॉर्म भरून घेतात तो बहुधा इंग्रजीत असतो आणि पाहुणा तो न वाचता सही करतो. दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, कानाचे ऑपरेशन झाले आहे का, सर्दी आहे का, गरोदरपण आहे का, हे प्रश्न मुलाने स्वतः तोंडाने विचारले पाहिजेत आणि उत्तर समजून घेतले पाहिजे. पाण्याखाली खूण हीच भाषा, आणि ती शिकवायलाही आधी शब्द लागतात. जमिनीवर अंगठा वर केला की ‘छान’ असा अर्थ होतो, पाण्याखाली त्याच खुणेचा अर्थ ‘मला वर जायचे आहे’ असा आहे, आणि ‘ठीक आहे’ हे अंगठा व तर्जनी यांचे वर्तुळ करून सांगायचे असते. हे इंग्रजीत स्पष्ट सांगता आले नाही, तर मजेत असलेला पाहुणा अंगठा दाखवतो आणि त्याला वर आणले जाते, किंवा खरोखर घाबरलेल्याची खूण कोणी आनंदाची समजतो. कानावर दाब आला तर नाक धरून हळूच हवा कशी ढकलायची, श्वास कधीच का रोखून धरायचा नाही, ही वाक्ये तर न अडखळता यायला हवीत.

विमानाने येणाऱ्या पाहुण्यांमुळे आणखी एक वाक्य आता गरजेचे झाले आहे. स्कूबा डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसू नये. एकाच डाइव्हनंतर किमान बारा तास आणि एकाहून अधिक डाइव्ह झाल्या असतील तर अठरा तास थांबावे, असे या क्षेत्रातले नियम सांगतात. सकाळी पाण्यात उतरून संध्याकाळी मोप्याचे विमान पकडणाऱ्याला हे बुकिंगच्या वेळीच विचारावे : ‘व्हेन इज युअर फ्लाइट?’

माडाची सावली (सावंतवाडी)

सर्वांचे प्रतिसाद वाचले. विषयाचे महत्त्व मान्य करूनही काही शंका मांडतो, कारण ‘इंग्रजी आले की धंदा वाढतो’ ही समजूत मला घाईची वाटते.

आजही आपल्याकडे सर्वांत जास्त येतो तो मराठी पाहुणाच. त्याच्या खालोखाल आमच्या बाजूला बेळगावकडून आंबोलीमार्गे येणारी माणसे आहेत. त्यांच्यातल्या कानडी कुटुंबाला ‘बन्नी’, ‘ऊट आयता?’ असे दोन शब्द ऐकून जेवढा आनंद होतो, तेवढा अस्खलित इंग्रजीने होत नाही. तिकडे अलिबागजवळ नवगावला इस्राएलहून बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी ज्यू) घराण्यांतली माणसे आपल्या पूर्वजांची भूमी पाहायला येतात. त्यांच्यातल्या वयस्कांना अजून मराठी येते आणि ती बोलायला मिळावी हीच त्यांची हौस असते. रत्नागिरीला ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा वाडा आणि समाधी पाहायला म्यानमारचे लोक येतात, त्यांची भाषा आणखी वेगळी. मग एकट्या इंग्रजीवर एवढा भर का?

माझी खरी काळजी वेगळी आहे. इंग्रजीत सांगायचे म्हणून आपली मुले गोष्टच आखडती घेतील. पिंगुळीच्या चित्रकथीबद्दल किंवा दशावताराबद्दल मराठीत तासभर रंगवून सांगणारा मुलगा इंग्रजीत ‘व्हेरी ओल्ड फोक आर्ट’ म्हणून मोकळा होतो. पाहुणा इतक्या लांब आला तो एवढे ऐकण्यासाठी नव्हे.

खाडीकाठ (देवबाग, ता. मालवण)

माडाची सावली, आपली काळजी रास्त आहे. कानडीचे दोन शब्द सर्वांनी शिकावेत, हेही मान्य. मात्र एकाच दिवशी तेलुगू, तमिळ आणि बंगाली बोलणारी तीन कुटुंबे घरात असतील, तर त्या सर्वांशी बोलता येईल अशी एकच भाषा निवडावी लागते, आणि आज ती इंग्रजी आहे. गोष्ट आखडती होण्यावर उपाय काय, हे किल्ल्यावर काम करणाऱ्यांनी सांगावे.

तटबंदी (विजयदुर्ग)

उपाय आहे, आणि तो पाठांतराच्या उलट आहे.

आमच्याकडे नवीन मुलगा आला की तो कोणाकडून तरी इंग्रजी माहितीचे पान मिळवतो आणि धडाधडा पाठ करतो. मध्येच पाहुण्याने एक प्रश्न विचारला की धागा तुटतो, आणि मुलगा पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतो. याऐवजी एका जागी उभे राहून दिसते त्याबद्दलच बोलावे. बुरूज दिसतो, तो का गोल आहे, तोफेची जागा कोणती, पाणी कुठून येते. वाक्ये आखूड ठेवावीत, पण त्यांची संख्या कमी करू नये. आखूड वाक्यांत मोठी गोष्ट सांगता येते. सिंधुदुर्गाचेच घ्या : २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर बांधकामाला सुरुवात झाली, चहूबाजूंनी खारे पाणी असूनही आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा व पायाचा ठसा लोक आजही दर्शनाच्या भावनेने पाहतात. यातले प्रत्येक विधान तीन-चार सोप्या वाक्यांत इंग्रजीत सांगता येते, आणि दहीबाव हे नाव ‘दहीबाव’ असेच ठेवता येते. नावांचे भाषांतर करत बसायचे कारण नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे सांगतो ते खरे असावे. इंग्रजीत ऐकणारा पाहुणा हातातल्या फोनवर तिथल्या तिथे पडताळून पाहतो. आमच्या किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ आहेत आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्यांचा संबंध सांगितला जातो. अनेक जण उत्साहाच्या भरात ‘हेलियमचा शोध इथेच लागला’ असे ठोकून देतात. त्या ग्रहणाचे जानसेन या फ्रेंच शास्त्रज्ञाचे प्रसिद्ध निरीक्षण गुंटूरहून झाले होते, आणि लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहण नसताना इंग्लंडमधून सूर्याच्या प्रकाशाचा अभ्यास केला. हे ठाऊक असलेला एखादा पाहुणा निघाला तर आपल्या उरलेल्या माहितीवरचाही त्याचा विश्वास उडतो. म्हणून मी मुलांना ‘पीपल हिअर से’ आणि ‘हिस्टॉरियन्स से’ या दोन सुरुवाती वेगळ्या वापरायला शिकवतो. लोककथा सांगायची, जरूर सांगायची, पण लोककथा म्हणून. रत्नागिरी-राजापूरकडच्या कातळशिल्पांना हेच लागू आहे. २०२२ पासून ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, पाहुणे वाढत आहेत, आणि ती कोणी व कशासाठी कोरली याबद्दल आज कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. ‘नोबडी नोज फॉर शुअर’ हे वाक्य वाटाड्याने लाज न बाळगता म्हणावे.

इंग्रजी कागदपत्रांत विजयदुर्गाचे नाव ‘घेरिया’ असे येते. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेतला, त्या लढाईबद्दल वाचून येणारा पाहुणा ‘घेरिया कुठे आहे?’ असेच विचारतो, आणि नवा मुलगा त्याला ‘इथे असा किल्ला नाही’ म्हणून सांगतो. आपापल्या गावाची अशी जुनी इंग्रजी नावे वर्गात जरूर द्यावीत.

ज्यांना प्रमाणपत्र हवे असेल त्यांच्यासाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ‘अतुल्य भारत पर्यटक सुविधादाता’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम २०२० पासून आहे.

चुलवण (वेंगुर्ले)

मी खानावळ चालवते. किल्ले आणि समुद्र झाले, आता ताटाकडे वळूया, कारण पाहुणा सर्वांत जास्त प्रश्न जेवताना विचारतो.

माशांची नावे हा आमच्या कामाचा गाभा. सुरमईला आमच्याकडे इसवणही म्हणतात, मंगळुरूचा पाहुणा तिला अंजल म्हणतो, चेन्नईचा वंजरम, केरळचा नेय्मीन. प्रत्येकाला आपापल्या नावाने तीच मासळी हवी असते आणि समोरच्या ताटात तीच आहे हे त्याला कळत नाही. अशा वेळी ‘किंगफिश’ किंवा ‘सीअर फिश’ म्हटले की सगळ्यांना उलगडा होतो. बांगडा म्हणजे मॅकरेल, तारली म्हणजे सार्डिन, रावस म्हणजे इंडियन सॅल्मन, मुडदुशी म्हणजे लेडीफिश, लेप म्हणजे सोल, तिसऱ्या म्हणजे क्लॅम्स, शिनाणे म्हणजे मसल्स, कालवे म्हणजे ऑयस्टर्स, माकूल म्हणजे स्क्विड, शेवंड म्हणजे लॉब्स्टर. हलव्याला ‘ब्लॅक पॉम्फ्रेट’ असे सांगावेच, नाहीतर परप्रांतीय पाहुणा गोड पदार्थाची वाट बघत बसतो. मोरी म्हणजे शार्क हे आधी सांगावे, कारण काही जणांना ती खायची नसते आणि जेवून झाल्यावर कळले तर त्यांना वाईट वाटते. फळ्यावर मराठी नाव वर आणि इंग्रजी नाव खाली असे लिहिले, तर वाढणाऱ्या मुलीलाही ते हळूहळू पाठ होते.

दुसरी गोष्ट अ‍ॅलर्जीची, आणि तिथे हयगय चालत नाही. ‘आय अ‍ॅम अलर्जिक टू शेलफिश’ असे कोणी म्हटले तर कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या तर नकोच, शिवाय त्याच तेलात तळलेली दुसरी तुकडीही नको, आणि भाजीत सुकट किंवा जवळा घातला असेल तर तीही नको. ‘नट्स’ म्हटले की ओल्या काजूची उसळ बाद. हे कळायला ‘शेलफिश’, ‘नट्स’, ‘अलर्जिक’ हे शब्द कानाला ओळखीचे हवेत. मी तर जेवण सांगून घेतानाच विचारते, ‘एनी अ‍ॅलर्जी? एनीथिंग यू डू नॉट ईट?’ दुसऱ्या प्रश्नात शाकाहार, उपवास, गोडेमासे-खारेमासे सगळे येऊन जाते.

बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे असतात, ती चावायची नसतात, हे पाहुण्याला सांगावे लागते : ‘दिस इज ओन्ली फॉर फ्लेवर, प्लीज डोन्ट च्यू इट.’ एकदा ते सांगितले की पुढचे पाच प्रश्न तिरफळाच्या झाडाबद्दल येतात, आणि मला ते फार आवडते. सोलकढी कशाची, कोकमाचे फळ कसे असते, आमसुले कधी वाळवतात, हे सांगण्याइतके इंग्रजी आल्यापासून पाहुणे जेवून उठत नाहीत, बोलत बसतात, आणि जाताना आमसुले विकत नेतात.

पुळण (वेळास, ता. मंडणगड)

चुलवणताईंचे वाचून खूप बरे वाटले. आमच्याकडे २००२ पासून कासवांच्या संवर्धनाचे काम चालू आहे आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणारे पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात. आम्हा बायकांना लागणारे इंग्रजी थोडेच आहे, पण ते पुन्हा पुन्हा लागते. ‘नो फ्लॅश, प्लीज.’ ‘प्लीज स्टे बिहाइंड द रोप.’ ‘प्लीज डोन्ट टच देम.’ आणि सर्वांत जास्त वेळा लागणारे म्हणजे, ‘वी कॅनॉट प्रॉमिस. दे कम आउट इन देअर ओन टाइम.’ एखाद्या दिवशी पिल्ले बाहेर येत नाहीत, पाहुण्यांची मुले हिरमुसतात आणि मोठी माणसे आम्हाला जाब विचारतात. त्या वेळी गप्प राहण्यापेक्षा अंडी किती दिवसांनी उबतात, वाळूच्या उष्णतेवर ते कसे अवलंबून असते, हे दोन वाक्यांत सांगता आले तर त्यांचा राग निवतो.

एक विनंती : वर्गाचे धडे आवाजाच्या संदेशांतून फोनवरही पाठवावेत. चुलीपाशी काम करताना ऐकता येतात, वही उघडावी लागत नाही. माझ्या सासूबाई लिहा-वाचायला फारशा शिकलेल्या नाहीत, पण ऐकून ऐकून त्या आता पाहुण्यांना ‘हॉट वॉटर रेडी’ असे स्वतःहून सांगतात.

पाहुणचार (मूळ गुहागर, सध्या पणजी)

मी हॉटेलात स्वागतकक्षात काम करतो. दोन बाबी राहिल्या आहेत असे वाटते, म्हणून लिहितो.

पहिली बाब लेखी इंग्रजीची. आज पाहुणा आपल्याला प्रथम भेटतो तो बुकिंगच्या संकेतस्थळावर किंवा व्हॉट्सॲपवर. तिथले संदेश ठरावीक असतात : खोली आहे का, दर काय, येण्याची आणि सोडण्याची वेळ, जेवणासह की जेवणाशिवाय, रद्द केल्यास पैसे परत मिळतील का. यांची उत्तरे जाणकाराकडून एकदाच नीट लिहून घ्यावीत आणि फोनमध्ये जपून ठेवावीत. लिहिताना शब्द तोलून वापरावेत. खिडकीतून समुद्र दिसत नसेल तर ‘सी फेसिंग’ लिहू नये, ‘फाइव्ह मिनिट्स वॉक टू द बीच’ असे लिहावे, आणि तो रस्ता खरोखर पाच मिनिटांचाच असावा. वाईट अभिप्राय आला तर त्याला रागाने किंवा लांबलचक उत्तर देऊ नये. आभार, काय झाले त्याची कबुली, आता काय केले आहे, एवढे पुरते. ते उत्तर पुढचा पाहुणा वाचणार असतो.

दुसरी बाब तक्रार ऐकण्याची. आपण ‘बघतो’, ‘करतो ना’, ‘होईल’ असे म्हणतो आणि आपल्या माणसाला त्यातून आश्वासन मिळते. इंग्रजीत ‘आय विल सी’ म्हटले की पाहुण्याला ती टाळाटाळ वाटते. त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत परत म्हणावी, ‘द फॅन इज नॉट वर्किंग, राइट?’ आणि मग वेळ सांगावी, ‘समवन विल कम इन टेन मिनिट्स.’ हॉटेलात नोकरीसाठी येणाऱ्या कोकणातल्या मुलांना मी हेच सांगतो. खोल्यांची सफाई आणि स्वयंपाकघर इथे थोड्या इंग्रजीवर काम सुरू करता येते. वाढपी म्हणून उभे राहायचे असेल तर पदार्थ समजावून सांगता आले पाहिजेत, आणि स्वागतकक्षात फोनवर नाव व नंबर अक्षर-अक्षर विचारून घेता आले पाहिजेत. मुलाखतीत उच्चार कसे आहेत यापेक्षा समोरच्याचा प्रश्न पूर्ण ऐकून उत्तर देतो का, हे अधिक पाहिले जाते.

खाडीकाठ (देवबाग, ता. मालवण)

सर्वांचे मनापासून आभार. आता वर्गाचे स्वरूप असे ठरते आहे. मे अखेरीस जलक्रीडा आणि किल्ल्याची होडी वाहतूक बंद झाली की होडीवाल्यांचा वर्ग प्रथम सुरू करायचा, कारण ते तेव्हाच मोकळे होतात. बायकांचा वर्ग लावणी आटोपल्यावर, संध्याकाळी घ्यायचा. लावणीच्या दिवसांत कोणाला बोलावणे योग्य नाही. तोवर पुळणताईंच्या सूचनेप्रमाणे त्यांना फोनवर ऐकण्याचे धडे पाठवू. गणपतीत चाकरमानी घरी येतात, त्यांच्यात बेंगळुरू-हैदराबादला नोकरी करणारी आपलीच मुले असतात. त्यांनी पाहुणा होऊन प्रत्येकाशी इंग्रजीत बोलायचे आणि जिथे अडेल ते लिहून ठेवायचे, म्हणजे हंगाम भरात येण्यापूर्वी तेवढे दुरुस्त करता येईल. वाटाड्यांच्या वर्गात माडाची सावली यांनी येऊन दशावतारावर मराठीत बोलावे आणि मुलांनी तेच, काहीही न गाळता, आखूड इंग्रजी वाक्यांत सांगून पाहावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

माडाची सावली (सावंतवाडी)

आनंदाने येईन. फक्त होडीवर, जेट्टीवर किंवा खानावळीत जे फलक लावाल, त्यांवर मराठी मजकूर वर आणि इंग्रजी खाली असावा.

सुकाणू (मालवण)

ते तर होणारच. जेट्टीवरच्या फलकाचा इंग्रजी मजकूर मी असा केला आहे, सरांनी तपासून द्यावा : ‘वेअर द लाइफ जॅकेट अँड क्लोज ऑल द क्लिप्स. गेट इन वन बाय वन. सिट व्हेअर द बोटमन टेल्स यू. डू नॉट स्टँड ऑर लीन आउट फॉर फोटोज. इफ यू आर फीलिंग सिक, टेल टू द बोटमन. लास्ट बोट फ्रॉम द फोर्ट इन द इव्हनिंग. जॅकेट रिटर्न कंपल्सरी.’

खडूफळा (रत्नागिरी)

मजकूर चांगला झाला आहे. पाचव्या वाक्यातला ‘टू’ काढावा : ‘इफ यू फील सिक, टेल द बोटमन.’ सहाव्या वाक्यात ‘इव्हनिंग’ न लिहिता नेमकी वेळ आकड्यांत लिहावी आणि ती बदलेल तेव्हा खडूने बदलता येईल अशी जागा मोकळी ठेवावी. शेवटचे वाक्य ‘प्लीज रिटर्न द जॅकेट हिअर’ असे करावे. तोवर पाहुणा सुखरूप परत आलेला असतो, तिथे ‘प्लीज’ म्हणायला हरकत नाही. बाकी सर्व असेच छापावे.